परसातल्या वाकलेल्या मेणबत्त्या

अर्ध्या चादरी दोरीवर आणि अर्ध्या टोपलीत ठेवून एलोदिया परसात उभी होती. एका हातात चिमटे, दुसरा हात कमरेवर. मी फाटकातून हाक मारली तरी तिनं मान वळवली नाही. तूसानसारख्या वाळवंटी गावात मे महिन्यात ओल्या चादरी अशा टोपलीत सोडल्या तर टोपलीतच वाळून त्यांच्या पापड्या होतात.

"बरं नाही का ग?" मी जवळ जाऊन विचारलं.

"कोमाद्रे, इकडे ये. ही बघ."

एलोदियाच्या धाकट्या लेकीच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातावर मी धरलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. हे नातं बहिणीपेक्षा कमी नाही, फक्त यात भांडणं जरा सभ्यपणे करावी लागतात.

ती दाखवत होती ती ग्वादालूपेच्या मातेच्या मूर्तीसमोरची मेणबत्ती. घराच्या पूर्वेला, स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद पट्टा आहे. तिथे मेस्कीटचं जुनं झाड आहे, बाभळीसारखं काटेरी आणि बारीक पानांचं. त्याच्या बुंध्याशी एक जुना बाथटब अर्धा पुरून उभा केलाय, आतून निळा रंगवलाय, आणि त्या कमानीत माता उभी आहे. एलोदियाच्या सासूनं, जिला सगळे मानानं दोन्या त्रान्सितो म्हणायचे तिनं, ती बसवली. सासू गेली, माता आहे.

"मेणबत्ती आहे," मी म्हटलं.

"सरळ आहे."

"मग? मेणबत्ती सरळच असते."

"मांडवातल्या टेबलावरच्या बघितल्यास? परवा ठेवल्या होत्या. आज सगळ्या अशा झाल्यात." तिनं तर्जनी वाकवून दाखवली. "आणि त्या तर दिवसभर सावलीत होत्या."

मी क्रूसाची खूण केली. "मातेची कृपा आहे, एलोदिया. तिच्यासमोर काही वाकत नाही."

"कृपा आहे, मान्य," ती म्हणाली. "पण कृपा नेमकी कुठपर्यंत आहे ते बघायला हवं."

मग तिनं चादर उचलली. ती वाळली होती.

हा प्रश्न तिला रिकामपणातून पडला नव्हता. तिचा नवरा फाउस्तो इस्टरनंतर हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात होता. जन्मभर त्यानं लोकांच्या घरांवर छपरं घातली, उकळत्या डांबराच्या बादल्या घेऊन शिड्या चढला, आणि घरात तो फक्त जेवायला आणि झोपायला यायचा. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऊन नको, उष्णता नको, थंड खोलीत बसायचं. तो पडदे ओढलेल्या खोलीत कूलरसमोर बसायचा आणि दिवसेंदिवस कमी बोलायचा. सूर्य डोंगराआड गेला की हट्टानं बाहेर यायचा, पश्चिमेला त्यानं स्वतः बांधलेल्या पत्र्याच्या मांडवात. एका संध्याकाळी तिथेच त्याला घेरी आली आणि तो खुर्चीसकट पडला.

त्यानंतर मुलाचा, रेनेचा, फोन आला. तो उत्तरेला ओरेगॉनात असतो, जिथे म्हणे वहाणांवर बुरशी येते. तो म्हणाला, "आमा, मी सान ह्वानच्या सणाला येतोय. परत जाताना तुम्हा दोघांना घेऊनच जाणार."

एलोदियानं फोन खाली ठेवला. फाउस्तोनं सगळं ऐकलं होतं.

"तिथे मी खिडकीतून पाऊस बघत मरेन," तो म्हणाला.

"इथे तू मांडवात पडून मरशील, म्हाताऱ्या."

"ते बरं. तो मांडव मी बांधलाय."

तेव्हा प्रश्न एवढाच होता. सान ह्वानपर्यंत, म्हणजे जूनच्या चोवीस तारखेपर्यंत, या परसात फाउस्तोला सुखरूप बसता येईल अशी एखादी जागा सापडली, तर ते दोघं आपल्या घरात राहणार. नाही सापडली तर आमच्या गल्लीतलं एक घर बंद होणार.

एलोदियाची ही 'का' विचारण्याची खोड जुनी. ती सीमेपलीकडच्या माग्दालेना गावची, लग्न होऊन इकडे आली. शाळेच्या स्वयंपाकघरात पुष्कळ वर्षं होती, आणि तिथेही बीन्स एका पातेल्यात लवकर का शिजतात म्हणून पातेल्यांच्या जागा बदलत बसायची. एकदा तिनं चर्चच्या दाराशी असलेल्या तीर्थाच्या कुंडात पेन्सिलीची रेघ मारली होती. पाद्रीबाबांनी पकडलं. ते म्हणाले, "एलोदिया, काही गोष्टी श्रद्धेच्या असतात."

"हो पाद्रे. पण पाणी बोटभर खाली जातंय. लोक बोटं बुडवतात म्हणून, की हवा पिते म्हणून?"

पाद्रीबाबा हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्वतः वाकून ती रेघ बघताना पाहिलं. मला मात्र तिचं हे वागणं कधीच अश्रद्धेचं वाटलं नाही. ज्याला घर आपलं वाटतं तोच त्याचे कोनाडे हात घालून बघतो, तशी ती देवाच्या घरात वागायची.

आता तिनं कॉफीचे रिकामे डबे गोळा केले, त्यांत वाळू भरली आणि प्रत्येकात एकेक पांढरी मेणबत्ती खोवली. पेटवायची नाही, नुसती उभी करायची. मातेसाठी तिनं वर्षभराच्या मेणबत्त्या एकदम आणून ठेवल्या होत्या, त्यातल्याच या. मी म्हटलं, "ह्या मातेच्या आहेत."

"मातेलाच विचारायचं आहे. मग तिच्याच नकोत?"

पहाटे तिनं डबे मांडले. पश्चिमेच्या भिंतीला टेकून एक, मांडवात एक, फाटकाशी एक, रेनेनं मागे हौसेनं पसरलेल्या पांढऱ्या खडीवर एक, पूर्वेच्या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर बऱ्याच. सगळं परस स्मशानासारखं दिसायला लागलं.

कुंपणापलीकडून दोन्या चेलोनं डोकं वर काढलं. या बाईचं डोकं कुंपणावर असतं, बाकीचं शरीर मी फारसं पाहिलेलं नाही.

"कोणावर करणी करतेयस ग?"

"तुझ्यावर. तुझी जीभ आखडते का ते बघतेय."

"माझ्या जिभेला ऊन लागत नाही."

"लागतं तर. ती तोंडाच्या सावलीत असते कधी?"

चेलो खाली गेली, पण कुंपणाच्या फटीतून तिचा डोळा दिसत राहिला. त्या दिवसात ती तीनदा मीठ मागायला आली.

सगळ्यात आधी गेली ती खडीवरची. सकाळचा स्वयंपाक उरकायच्या आतच ती कमरेत वाकली आणि नंतर डब्याच्या कडेवर पडून राहिली. फाउस्तो खिडकीतून बघत होता. पुष्कळ दिवसांनी त्यानं काच सरकवून आवाज दिला, "रेनेची खडी हरली."

"ती पांढरी आहे," मी म्हटलं. "पांढऱ्यावर ऊन परततं ना?"

"परततं," एलोदिया म्हणाली. "पण परतून जाणार कुठे? जो शेजारी उभा असेल त्याच्या अंगावर."

दुपारी मांडवातली गेली. ही बातमी मात्र फाउस्तोला सहन झाली नाही. तो टोपी घालून बाहेर आला, आम्ही दोघी अडवत असताना मांडवात शिरला आणि वाकलेल्या मेणबत्तीकडे बघत राहिला.

"कुणीतरी उन्हात ठेवून परत आणली असणार."

"हो, चेलोनं," एलोदिया म्हणाली. "मीठ नेताना."

"मी ऐकतेय," कुंपण म्हणालं.

"म्हाताऱ्या, पत्र्याखाली हात धर."

त्यानं हात वर केला. पत्र्याला लावला नाही, नुसता खाली धरला. तो हात तव्यावर तोर्तिया टाकायच्या आधी आपण धरतो तसा होता, आणि तितक्याच लवकर त्यानं तो मागे घेतला.

"आयुष्यभर मी छपराच्या वरच्या बाजूला होतो," तो हळूच म्हणाला. "खालच्या बाजूला काय भाजतंय ते कधी पाहिलंच नाही."

एलोदियानं त्याच्या हाताला धरून त्याला आत नेलं. तिनं त्यावर टोमणा मारला नाही. तिच्या ओठांवर आला होता, मी पाहिला.

भिंतीजवळच्या मेणबत्तीचं कोडं सगळ्यात विचित्र. फळीच्या आडोशाला असल्यानं दिवसभर ती बऱ्यापैकी टिकली. संध्याकाळी ऊन उतरलं, डोंगरामागे आभाळ लाल झालं, आम्ही म्हटलं ही वाचली. आणि त्यानंतर ती वाकली. सूर्य नसताना. मी पुन्हा क्रूसाची खूण केली. एलोदियानं भिंतीला पाठ लावली आणि लगेच उडी मारून पुढे आली.

"भिंत दिवसभर पीत होती. आता ओकतेय. आणि आपण याच वेळी खुर्च्या मांडतो. याच बाजूला."

आम्ही सगळेच मांडतो. आमच्या गल्लीत प्रत्येक मांडव पश्चिमेला आहे. डोंगरामागे जाणारा सूर्य बघत बसायचं, ही आमच्या लोकांची संध्याकाळ. वरचं ऊन अडवायला छप्पर घालतो, आणि तो मावळतीचा आडवा सूर्य पायांपासून गळ्यापर्यंत भाजतो, तेव्हा हातपंखा घेऊन म्हणतो की यंदा उन्हाळा जास्त आहे.

पूर्वेच्या पट्ट्यातल्या मेणबत्त्या उभ्या होत्या. सगळ्या नाही. मेस्कीटच्या फांद्या जिथे संपतात त्याच्या पुढच्या वाकल्या होत्या, अलीकडच्या सरळ. एलोदियानं काठी घेतली आणि सरळ व वाकलेल्यांच्या मधून जमिनीवर रेघ ओढली. रेघ झाडाभोवती फिरून घराच्या भिंतीला मिळाली.

"इथपर्यंत," ती म्हणाली.

कारणं तिनं पुढच्या दिवसांत एकेक करून शोधली. दुपार कलली की घराचीच सावली या पट्ट्यावर पडते. खाली खडी नाही, माती आहे. आणि छपरावरच्या कूलरचं ओसंडणारं पाणी एका नळीतून झाडाच्या मुळाशी येतं. ती नळी फाउस्तोनंच लावली होती, आईच्या गुलाबासाठी. गुलाब कधीच गेला, पण झाड पाणी पीत राहिलं आणि माती गार राहिली. मी एलोदियाला विचारलं, "मग आता ती कृपा नाही म्हणायची का?"

"नाही कसं? नळी लावायची बुद्धी या माणसाला कुणी दिली? त्याला स्वतःला तर मांडव पश्चिमेला सुचला."

मला ते पटलं. अजून पटतं.

पण खरी अडचण इथून पुढे होती. ती सरळ मेणबत्त्यांची जागा म्हणजे मातेचं अंगण. तिथे एक आरामखुर्ची आणि एक बाकडं मावेल, पण मातेच्या समोरच. फाउस्तो ऐकायलाच तयार नव्हता.

"तिथे मी बसू? टोपी घालून? रेडिओवर खेळ ऐकत?"

"टोपी काढून बस."

"आणि आपला गडी बाद झाला की माझ्या तोंडून जे निघतं ते?"

ते जे निघतं ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. चेलोसुद्धा त्या वेळी कुंपणावरून डोकं खाली घेते.

"आईनं तिथे मला कधी मोठ्यानं बोलू दिलं नाही," फाउस्तो म्हणाला. "मी तिथे पाय पसरून लोळणार नाही. रेनेकडे जाईन, ते चालेल."

तो हे रागानं म्हणाला नव्हता, म्हणूनच आम्ही घाबरलो. एलोदियानं दुसऱ्या खोलीत मला विचारलं, "मातेला जरा बाजूला नेलं तर?"

"एलोदिया."

"बरं, बरं. विचारलं फक्त."

"पाद्रीबाबांना विचार."

"ते काय, म्हणतील माता कुठेही असते. मग म्हातारा म्हणेल, मग मी कुठेही बसतो, ओरेगॉनात."

सण जवळ येत होता. तिनं तरीही कामं सुरू ठेवली. खडी फावड्यानं गोळा करून फाटकाबाहेर ढीग केला. मांडवाचे पत्रे दोन पुतण्यांकडून उतरवले आणि त्या जागी नदीपात्रातल्या वेताच्या चटया घातल्या, फटी राखून, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. पश्चिमेच्या भिंतीपुढे ओकोतियोच्या काटेरी काठ्यांचा उभा पडदा रोवला. ओकोतियोला पाणी मिळालं तर कापलेल्या काठ्यांनाही पालवी फुटते, तेव्हा पुढच्या वर्षी भिंत हिरव्या सावलीत असेल. "आपण नसलो तरी असेल," ती म्हणाली आणि पुन्हा फावडं उचललं.

सणाच्या आदल्या आठवड्यात तिनं मला मातेचा कोपरा झाडायला बोलावलं. मी दरवर्षी जाते. आम्ही पाणी शिंपडलं, वाळक्या शेंगा गोळा केल्या. एलोदिया शिडीवर चढून वाळलेली फांदी कापत होती.

"कोमाद्रे, झाडात लोखंड आहे."

मेस्कीटच्या एका जाड फांदीच्या सालीत साखळी घुसली होती. झाडानं ती गिळली होती, एक कडी तेवढी बाहेर लोंबत होती. एलोदियानं कडीला बोट लावलं, वास घेतला, खाली बघितलं. कडीच्या बरोबर खाली मातीत एक खळगा होता, आणि तो बरीच वर्षं पाणी ठिबकून झाल्यासारखा गुळगुळीत होता.

"म्हाताऱ्या," तिनं खिडकीकडे तोंड करून विचारलं, "इथे काय टांगलेलं असायचं?"

काच सरकली. फाउस्तोनं कडीकडे पाहिलं.

"माठ," तो म्हणाला.

मग तो बाहेर आला. टोपी न घालताच. "आईचा पाण्याचा माठ. कूलर नव्हते तेव्हा आम्ही सगळे इथेच असायचो. इथे खाटा. आई बीन्स निवडत इथे बसायची, बाबा तिथे. रात्री ओल्या चादरी पांघरून झोपायचो." तो खळग्याजवळ उकिडवा बसला. "मी विसरलोच होतो. मातेला नंतर आणलं. टब मीच पुरला, नाही का. तेरा-चौदा वर्षांचा असेन."

एलोदिया शिडीवरच होती. तिनं तिथूनच विचारलं, आणि त्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग सासूबाईंनी मातेला इथेच का आणलं? रस्त्याच्या बाजूला का नाही? लोक तर रस्त्याच्या बाजूला बसवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून."

फाउस्तो विचार करत राहिला. मीही. मला उत्तर आधी सुचलं, पण मी बोलले नाही. ते त्याच्या आईबद्दल होतं.

"आम्ही इथे होतो म्हणून," तो म्हणाला. "एकटी कशाला राहील तिकडे."

त्या संध्याकाळी त्यानं स्वतः आरामखुर्ची ओढत आणली. मातेच्या समोर नाही मांडली. बाजूला मांडली, टबाला लागून, म्हणजे तो आणि माता दोघंही एकाच दिशेला बघतील. पूर्वेला, जिथे मावळतीच्या उजेडात लांबचे डोंगर गुलाबी होतात. डोंगरामागे जाणारा सूर्य तिथून दिसत नाही, पण त्याचा रंग सगळा दिसतो. टोपी त्यानं गुडघ्यावर ठेवली. रेडिओ लावला, आवाज कमी. एकदा त्याच्या तोंडून ते निघालंच, आणि त्यानं लगेच टबाकडे मान वळवून म्हटलं, "माफ कर, आई." कोणत्या आईला म्हणाला ते मी विचारलं नाही.

एलोदियानं नवा माठ आणून कडीला टांगला. ठिपके खळग्यातच पडू लागले.

सान ह्वानच्या दिवशी सकाळी आम्ही कोरड्या नदीपात्राच्या काठानं संताची मूर्ती घेऊन चाललो, पावसासाठी गाणी म्हणत. पाऊस आला नाही. रेने मात्र आला, जाड बूट घालून. फाटकाजवळचा खडीचा ढीग बघून त्याचा चेहरा पडला.

"आमा, माझी खडी?"

"ती हरली. तुझा बाप सांगेल."

दुपारभर त्यानं आईला समजावलं. त्याचं चूक नव्हतं, बापावर जीव आहे त्याचा. "आमा, तो पुन्हा पडला तर? तू एकटी काय करशील?" एलोदिया तोर्तियाचं पीठ मळत होती. ती म्हणाली, "संध्याकाळ होऊ दे."

संध्याकाळी त्यांनी पूर्वेच्या पट्ट्यात टेबल मांडलं. भाजलेलं मांस, तोर्तिया, जास्वंदीचं लाल सरबत. फाउस्तो मातेशेजारी बसला होता. रेने पहिल्यांदा उभाच होता, दर थोड्या वेळानं बापाच्या कपाळाला हात लावत होता. फाउस्तोनं चौथ्यांदा त्याचा हात झटकला.

"मला नको हात लावूस. ती मातेसमोरची मेणबत्ती बघ. ती वाकली की मला आत ने."

रेनेला काही कळलं नाही. मग त्याला सगळी हकीकत सांगावी लागली, खडीपासून कडीपर्यंत, चेलो कुंपणावरून दुरुस्त्या करत असताना. तो हसला, मग बाकड्यावर बसला, मग बूट काढले, मग पाय ओल्या मातीवर ठेवले. माठ ठिबकत होता. मेणबत्ती सरळ होती. बघता बघता रेनेलाच डुलकी लागली, आणि फाउस्तोनं रेडिओचा आवाज आणखी कमी केला.

सकाळी मी अंडी द्यायला गेले तेव्हा रेने स्वयंपाकघरात बायकोशी फोनवर बोलत होता. "नाही, एकटाच येतोय," तो सांगत होता. "दुपारी ते खोलीतच राहणार, तसं कबूल करून घेतलंय. सप्टेंबरात पुन्हा बघू." फाउस्तो पट्ट्यात पाणी शिंपडत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यानं ऐकलं होतं, कारण तो गुणगुणत होता.

एलोदिया मातेसमोर उभी होती. आभार मानायला मेणबत्ती लावायची होती आणि तिनं खोका उघडला तर आत सगळ्या वाकड्या, एवढ्या दिवसांत डब्यांतून काढून परत ठेवलेल्या. सरळ उरलेली शेवटची मेणबत्ती काल रात्रीच जळून संपली होती.

"वाकडी लाव," मी म्हटलं. "तिला कळेल."

"तिला कळेल. पण चेलोला दिसेल."

तिनं कमरेचा एप्रन सोडून खुंटीला अडकवला, उन्हाची टोपी घातली, आणि पिशवी घेऊन मातेसाठी मेणबत्त्या आणायला दुकानात गेली.